एजंट नको, पण सिडको विसरू नका
एजंटशिवाय घर विकायचं तर फोटो चांगले काढा, भाव थोडा चढा सांगा, असा सल्ला मिळतो, तो ठीक. पण नवी मुंबईत खरी मेख कागदांत असते. नेरूळचा आमचा फ्लॅट विकताना गिऱ्हाईक आठवड्यात मिळालं, टोकनही घेतलं. मग बँकेच्या वकिलाने सिडकोचं, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचं, हस्तांतरपत्र मागितलं. जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची, आणि सिडकोच्या दप्तरी अजून बाबांचंच नाव! सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव चढलेलं, आम्ही त्यावरच निवांत. चार महिने गेले, गिऱ्हाईकही गेलं, टोकन परत दिलं.

सोसायटी हस्तांतर प्रीमियम (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करायची रक्कम) २५,००० रुपयांच्या वर मागत असेल तर नियम दाखवा. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापणारच, त्यावरून भांडू नका. (आम्ही भांडलो.)