शंका आली म्हणजे विश्वास संपला का?

वर एकांनी लिहिलंय की देवाच्या वचनाबद्दल मनात प्रश्न आला की विश्वास तिथेच ढळला. मला हे अजिबात पटत नाही. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३२वा अध्याय काढून बघा. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, शहर पडणार हे त्यानेच सांगितलेलं. आणि अशा वेळी तो अनाथोथ गावातलं चुलतभावाचं शेत १७ शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी तोलून विकत घेतो! साक्षीदार, सही, मोहोर, सगळं रीतसर. एक खरेदीखत मोहोरबंद, एक उघडं, आणि दोन्ही मातीच्या मडक्यात, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. व्यवहार उरकल्यावर मात्र तो प्रार्थनेत देवाला विचारतो, शहर शत्रूच्या हाती जातंय आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? आमच्या कळव्याच्या घरगुती प्रार्थनासभेत हा भाग वाचताना एक मावशी मध्येच म्हणाल्या, "म्हणजे यानंही विचारलंच की!" नवऱ्याच्या आजारपणात त्या कित्येक महिने प्रार्थनेला तोंड उघडत नव्हत्या. त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणी बोलल्या.

न्यायाचं (म्हणजे शिक्षेचं) वचन आणि पुनर्स्थापनेचं (म्हणजे पुन्हा वसवण्याचं) वचन वेगळं काढता येत नाही, हा वरचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. त्याच अध्यायातलं ४२वं वचन तेच सांगतं, देव म्हणतो: जसं अरिष्ट आणलं, तसंच कबूल केलेलं सगळं हितही आणीन. आणि पुढे बायबलमधल्याच एज्राच्या पुस्तकातलं २:२३ जरूर वाचा. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांच्या त्या यादीत अनाथोथची १२८ माणसं आहेत. शेत होतं, त्याच गावची.