खुब्याचा गोळा खोबणीला चिकटूनच प्रिंट होतोय – मदत हवी आहे

मंडळी,

मी ऑर्थोची रेसिडेंट. शनिवारी अ‍ॅसिटाब्युलमची केस आहे, म्हणजे खुब्याची खोबणच फुटली आहे, तिला धरणारे हाडाचे पुढचा-मागचा दोन्ही खांब (कॉलम) गेलेत. सरांना हाड जोडायची धातूची प्लेट आदल्या दिवशीच मॉडेलवर वाकवून हवी आहे. एरवी ऐन ऑपरेशनमध्ये वाकवा, लावून बघा, काढा, परत वाकवा असं चालतं आणि तेवढा वेळ रक्त जात राहतं.

हाताशी साधा फिलामेंटचा प्रिंटर आहे: ०.४ मिमीचा नोझल, पीएलए प्लास्टिक. सीटीवरून मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर फुकटचं, थ्रीडी स्लायसर. सीटी १ मिमी स्लाइसचा. (आधी ५ मिमीच्या सिरीजवर हौस भागवून घेतली होती. हाड कसलं, नदीचा घाट! पायऱ्याच पायऱ्या.)

आता अडलंय कुठे ते सांगते. थ्रेशोल्ड, म्हणजे किती घनतेच्या वर हाड धरायचं ती मर्यादा, २२६ एचयूला (सीटीतलं घनतेचं माप) ठेवला की मांडीच्या हाडाचा गोळा आणि खोबण एकच ढेकूळ होतं. ३०० च्या पुढे नेला की फट दिसते, पण खोबणीच्या आतली हाडाची पातळ भिंत (तिलाच क्वाड्रिलॅटरल प्लेट म्हणतात), तिची चाळणी होते. काल तीन तास ही रस्सीखेच केली. इरेझर घेऊन एकेक स्लाइस खोडत बसणं हाच उपाय आहे का?

दुसरं म्हणजे सर मॉडेल ऑपरेशनच्या टेबलावर मागतायत, म्हणजे ते निर्जंतुक हवं. पीएलए ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) चालतं १२१ ला. काय करता तुम्ही?

प्रतिसाद

डॉक्टर, थ्रेशोल्डशी भांडू नका, तो गोळा नि खोबण ओळखत नाही. स्लायसरच्या सेगमेंट एडिटरमध्ये 'ग्रो फ्रॉम सीड्स' घ्या. मांडीच्या हाडाला एक रंग, पेल्व्हिसला (कमरेच्या हाडाला, खोबण त्यातच असते) दुसरा, तिन्ही दिशांच्या चार-पाच स्लाइसवर ब्रशचे फटकारे मारा, बाकीचं तो वाटून घेतो. सीमेवर थोडं हाताने सावरावं लागेल. पातळ भिंतीपुरता थ्रेशोल्ड खाली आणून तेवढीच रंगवा. सीटी विभागाकडे सॉफ्ट टिश्यू कर्नलची (कर्नल म्हणजे सीटीचं चित्र बनवायचं फिल्टर) पातळ सिरीज मागून बघा, बोन कर्नलमध्ये दाणे फार येतात. स्मूदिंग बेतानं करा, फ्रॅक्चरची रेषच बुजून जाते.

पण मला एक कळलं नाही. प्लेट तुम्ही तुटलेल्या बाजूवर वाकवणार? तुकडे सरकलेल्या हाडावर बसवलेली प्लेट जुळवलेल्या हाडावर कशी बसेल? चांगल्या बाजूचं पेल्व्हिस घेऊन मिरर करा, म्हणजे आरशातल्यासारखं उलटवा, प्लेट त्यावर वाकवा. तिथे सांध्याची फट शाबूत असते, गोळा चटकन सुटतो. तुटलेली बाजू वेगळी छापा, ती फक्त समजून घ्यायला. सुटे तुकडे छापताना गळून पडतील, मध्ये बारीक दांडे घाला.

निर्जंतुक फक्त प्लेट करायची. मॉडेल बाजूच्या ट्रॉलीवर, हात न लावता बघायला.

धागाकर्ती

अरे देवा, मिररचं डोक्यातच आलं नाही! सर हसतील. चांगली बाजू २० मिनिटांत सुटली. स्क्रीनवर ८२ मिमी आहे तिथे प्रिंटवर व्हर्नियर ८१.७ दाखवतोय, चालेल ना?

प्रतिसाद

धावेल. फक्त मिरर केलेल्या मॉडेलवर बाजू मार्करनं आत्ताच लिहा. दोन्ही मॉडेल शेजारी ठेवली की रात्री अकराला कोणाचीही गल्लत होते, माझी झालेली आहे.