मदत हवी आहे : मुलाला चूळ थुंकायला कसं शिकवू?

माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. काल संध्याकाळी बेसिनवरची सासूबाईंची माउथवॉशची बाटली घेऊन त्यानं दोन-तीन घोट पिऊन टाकले. निळा रंग, पुदिन्याचा वास, त्याला सरबतच वाटलं. मी घाबरून घशात बोटं घालून उलटी काढणार होते, पण डॉक्टरांनी फोनवर थांबवलं. मुद्दाम उलटी काढायची नाही, आधी बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा, म्हणाले. सुदैवानं त्यात अल्कोहोल नव्हतं. असतं तर एवढ्या लहान मुलाच्या रक्तातली साखर उतरू शकते, पोर सुस्तावतं, झटकेसुद्धा येऊ शकतात. हे ऐकून माझे हातपायच गळाले. पण फ्लोराइड होतं (दात किडू नयेत म्हणून घालतात ते), त्यामुळे रात्री थोडं मळमळलं त्याला. आज बरा आहे.

बाटली आता वरच्या कपाटात, कुलपात. पण तो टूथपेस्टही गिळतो, थुंकतच नाही! 6 वर्षांखाली माउथवॉश नकोच, हे कळलं. पेस्ट मात्र रोज लागते. वाटाण्याएवढीच देते. तुमच्या मुलांना थुंकायला कसं शिकवलंत? आणि लहान मुलांना उघडता येणार नाही अशा झाकणाचं माउथवॉश कुणी वापरतं का? सासूबाईंना ते दातांच्या डॉक्टरांनीच सांगितलंय, बंद करता येणार नाही.