काच खाली जाते, वर येत नाही : मोटर गेली की वायर?

काळीमाती (घाटंजी)
राम राम मंडळी. ९ वर्षं जुनी हॅचबॅक आहे. डाव्या पुढच्या दाराची काच त्याच दारावरच्या बटणानं खाली जाते, वर येत नाही. ड्रायव्हरकडच्या मास्टर स्विचवरून ती ना वर जाते ना खाली. बाकी तिन्ही काचा ठीक. फ्यूज शाबूत, विंडो लॉकचं बटण दाबलेलं नाही. मोटरला दोनच वायरी आहेत. मिस्त्री म्हणतात मोटर बदला. कापूस वेचणीचे दिवस, काच अर्धी उघडी, आत सगळी धूळ. मोटर घेऊन टाकू का?

दिग्रसचा टेस्टर
मोटर घेऊ नका भाऊ. दोन वायरींची डीसी मोटर आहे, वर-खालीसाठी फक्त प्लस-मायनस उलटतात. काच खाली जाते त्या अर्थी मोटर, तिच्या दोन्ही वायरी आणि बटणाकडे येणारा सप्लाय चांगला आहे. मोटर कमजोर असती तर वर चढवताना कण्हली असती, आणि मास्टरवरून काच निदान खाली तरी गेली असती.

बहुतेक साध्या गाड्यांत डाव्या दारावरच्या बटणाला स्वतःचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसची जोडणी) नसतो. तिथून ‘वर’ आणि ‘खाली’ अशा दोन वायरी मास्टर स्विचकडे जातात आणि अर्थ तिथून मिळतो. तुम्ही डावीकडे ‘वर’ दाबलं की प्लस एका बाजूनं मोटरमध्ये शिरतो आणि दुसऱ्या बाजूनं, ‘खाली’च्या वायरीतून, मास्टरच्या अर्थला जातो. ही ‘खाली’ची वायर तुटली तर काच वर येणार नाही, पण खाली जाईल, कारण तेव्हा परतीचा रस्ता ‘वर’च्या वायरीतून असतो. मास्टरवरून दाबलं की मात्र दोन्ही वायरी लागतात, म्हणून तिथून काहीच होत नाही. तुमचं लक्षण तंतोतंत हेच आहे.

खात्री अशी करा. चावी बंद. डाव्या बटणाचा कपलर (वायरींचा प्लग) काढा. मोटरच्या दोन वायरींमध्ये मल्टिमीटरवर एक-दोन ओहम दिसेल. चावी चालू केल्यावर १२ व्होल्ट येतो तो सप्लाय. उरलेल्या दोन जाड वायरी मास्टरच्या (बारीक वायर असली तर ती बटणाच्या लाइटची). चावी परत बंद करा. आता बॅटरीच्या प्लसवरून १० अँपिअर फ्यूज घालून वायर आणा, तिला २१ वॅटचा बल्ब जोडा आणि बल्बचं दुसरं टोक या दोन वायरींना आळीपाळीनं लावा. दोन्हीकडे बल्ब भरपूर पेटला पाहिजे. पेटणार नाही ती वायर दोषी.

मीटरच्या बीपवर इथं विश्वास नको. वायरीत एकच तार शिल्लक असली तरी मीटर वाजतो. बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणून तो पुष्कळ खरं बोलतो. बल्ब लावून ठेवून कुणाला तरी दोन्ही दारं एकेक करून उघड-बंद करायला सांगा. ही वायर दोन्ही दारांच्या रबरातून (दार आणि बॉडीमधल्या रबरी नळीतून) जाते, आणि ड्रायव्हरचं दार सर्वात जास्त वेळा उघडतं. मिस्त्री लोक डावं दार खोलून बसतात, तुटलेली वायर उजवीकडे.

आजच काच बंद करायची असेल तर पॅनल काढून मोटरचा कपलर सोडवा, बॅटरीवरून २० अँपिअर फ्यूज घालून मोटरला थेट १२ व्होल्ट द्या. खाली जायला लागली तर वायरी उलटा. काच टेकली की लगेच सोडा.

वणीकर
वरच्या उत्तरात एक भर. मास्टरवरून काच खाली गेली असती पण वर आली नसती, तर वायर नव्हे, मास्टरच्या आतला अर्थचा पॉइंट जळाला असं धरायचं. मग मास्टर खोलून काजळी १००० नंबरच्या पॉलिश पेपरनं अलगद काढायची.

आणि मोटरला दोनपेक्षा जास्त वायरी असतील, एका झटक्यात काच वर जाणारी ऑटो सिस्टीम असेल, तर बॅटरी थेट लावू नका. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा, त्याला हातही नको.

काळीमाती
बल्ब लावून पाहिला. एका वायरीवर भरपूर, दुसरीवर बंद. ड्रायव्हरचं दार अर्ध्यावर आणलं की लुकलुकतो. डाव्या दारानं काही फरक नाही. आता जोड कसा मारू?

दिग्रसचा टेस्टर
म्हणजे उजवं रबर. बॅटरीचा मायनस काढा, रबर बॉडीच्या बाजूनं सोडवून मागे सरकवा. एकेक वायर चिमटीत धरून हलकी ओढा. तुटलेली वायर रबरासारखी लांबते, कारण आत तांबं नाही, नुसतं कव्हर आहे. शेजारच्या वायरीही अशाच तपासा, त्याही तितक्याच वाकल्यात.

तुटलेल्या जागीच पीळ देऊन किंवा सोल्डर मारून टेप गुंडाळू नका. सोल्डर जिथं संपतो तिथं वायर कडक होते आणि वाकताना पुन्हा तिथंच तुटते. वाकणारा सगळा भाग काढून २० सेंटिमीटरभर नवीन तुकडा घाला, एक जोड दाराच्या आत, दुसरा बॉडीच्या आत. दोन वायरी बदलायच्या असतील तर जोड मागेपुढे ठेवा. वायर मूळ जाडीचीच, बारीक तारांची ऑटो वायर. घरगुती फिटिंगची वायर इथं टिकत नाही. जोडावर हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी), कारण आपल्याकडच्या ४५ डिग्रीत साध्या टेपचा डिंक वितळून ओघळतो.

पऱ्हाटी
भाऊ, रबर परत लावतानी त्याची कड खाचीत नीट बसली का पायजा. नाही तं पावसाचं पाणी वायरीच्या संगं आत उतरते. अन् काचेच्या चॅनलमंधी कापसाची धूळ अडकली असन, ते आधी पुसून काढा, मंग सिलिकॉन स्प्रे मारा. तेल नोका टाकू. तेलानं रबर फुगते अन् धूळ चिकटून लगदा होते, मंग चांगली मोटर बी गरम होऊन बंद पडते. इंजिन चालू ठेवून काच चार-पाच सेकंदात वर गेली तं समजा जमलं.