मोनिकाच्या घराचं भाडं नक्की कोण भरत होतं?

पैपैसा (धागाकर्ता)
लेकीला मुंबईत नोकरी लागून तीन महिने झाले. अंधेरीत तिघी मिळून एका घरात राहतात, सध्या हॉलमध्ये झोपायची पाळी हिची. जेवताना मोबाइलवर 'फ्रेंड्स' ही जुनी अमेरिकन विनोदी मालिका लावलेली असते. परवा तिचा फोन आला, "बाबा, ही मोनिका हॉटेलात स्वयंपाक करते ना? मग हिच्या हॉलमध्ये आमचं अख्खं घर कसं मावतं?"

मी बँकेत कर्जाच्या टेबलावर बावीस वर्षं काढलीत. असा प्रश्न कुणी विचारला की मला झोप लागत नाही. मग घेतला कागद.

मालिका 1994 ते 2004, न्यूयॉर्कातल्या सहा मित्रमैत्रिणींची : मोनिका, तिचा भाऊ रॉस, रेचल, फीबी आणि समोरच्या घरात राहणारे जोई व चँडलर. मोनिकाचं घर मॅनहटनमध्ये, ग्रीनिच व्हिलेजला. दोन बेडरूम, बाल्कनी, भलीमोठी खिडकी. मालिकेतलं उत्तर असं की घर आजीच्या नावावर आहे, भाडेनियंत्रणातलं, म्हणजे कायद्याने भाडं बांधून दिलेलं. आजी फ्लोरिडाला गेली, नात राहते, मालकाला पत्ता नाही. चौथ्या सीझनमध्ये इमारतीचा देखभालवाला ट्रीगर हेच वर कळवायची धमकी देतो आणि त्याचं तोंड बंद ठेवायला जोईला त्याच्यासोबत बॉलरूम डान्सचा सराव करावा लागतो. शेवटच्या भागात चँडलरही सांगतो की भाडेनियंत्रणामुळे घर मातीमोल पडलं.

बरं. पण समोरच्या घराला कुठली आजी होती? जोईला महिनोन् महिने काम नसायचं, म्हणजे भार एकट्या चँडलरवर. त्यानेही नवव्या सीझनमध्ये नोकरी सोडून जाहिरात कंपनीत बिनपगारी उमेदवारी धरली. फीबी मालिश करून जगते, पण ती आधी आजीकडेच राहायची, टॅक्सीसुद्धा आजीची. न्यूयॉर्कात टिकायला पदवी नको, आजी हवी!

रेचल वेट्रेस. पहिला पगार हातात आल्यावर ती विचारते की हा 'फिका' कोण आणि माझे पैसे त्याला का? (फिका म्हणजे पगारातून कापली जाणारी सामाजिक सुरक्षेची रक्कम.) 1994 साली अमेरिकेत केंद्रीय किमान वेतन तासाला 4.25 डॉलर होतं. आठवड्याचे 40 तास धरले तर 170 डॉलर. टिपा मिळून दुप्पट धरू, मी उदार माणूस आहे. तरी तिच्या अंगावरचे कोट बघून माझ्यातला कर्ज अधिकारी फाइल परत पाठवतो.

विनोदाला सूट असते हे मान्य. पण पोरंपोरी हे बघून शहरात जातात आणि पहिल्या महिन्यात आपणच कुठेतरी कमी पडलो असं समजतात. त्याला माझा आक्षेप आहे.

तिसरीघंटा
काका, हिशोब झकास, पण घर मोजायची पट्टी चुकली. ते न्यूयॉर्कातलं घर नाहीच, कॅलिफोर्नियात बरबँकच्या स्टुडिओतला सेट आहे. समोर प्रेक्षक बसलेले, चार-चार कॅमेरे एकाच वेळी चालू आणि सहा माणसं एका चौकटीत. खरोखरीच्या खोलीएवढा सेट लावला असता तर जोई फ्रिजपर्यंत पोचलाच नसता. आपल्या नाटकातल्या गरीब कारकुनाचा दिवाणखाना कधी मोजलात? रंगमंचाच्या या विंगेपासून त्या विंगेपर्यंत असतो. शिवाजी मंदिरात बसून कुणी ओरडत नाही की एवढ्या जागेचं भाडं किती.

अवांतर : सुरुवातीच्या भागांत मोनिकाच्या दारावर 5 आकडा आहे, पुढे 20 होतो. घर वरच्या मजल्यावर दिसतं हे उशिरा ध्यानात आलं, मग पाटी बदलली. ज्यांना दाराचा नंबर धड ठरवता आला नाही त्यांच्याकडून भाडेकरार कसला मागता!

क्वीन्सकर
+१ धागाकर्त्याला. मी 1999 मध्ये वायटूकेच्या (संगणकांतल्या 2000 सालच्या तारखेच्या घोळाच्या) लाटेत न्यूयॉर्कला गेलो. क्वीन्स भागात, जॅक्सन हाइट्सला एका बेडरूमच्या घरात आम्ही चौघं. तव्यावर पोळी टाकली की धुराचा भोंगा ठणाणा करायचा, मग एकाने स्टुलावर उभं राहून त्याला वर्तमानपत्राने वारा घालायचा आणि दुसऱ्याने पोळी उलटायची.

मॅनहटनमध्ये घर बघायला गेलो तेव्हा दलालाने चहापाण्याच्याही आधी पगार विचारला. तिथला सर्रास नियम असा की महिन्याच्या भाड्याच्या 40 पट वार्षिक उत्पन्न हवं. 1500 भाडं तर 60,000 पगार. नसेल तर हमीदार आणा, त्याचं उत्पन्न 80 पट. आता जोईचा अर्ज डोळ्यांसमोर आणा. व्यवसाय : नट. सध्या : सँडविच खातो आहे.

पण खरं सांगू? मला भाड्यापेक्षा त्यांचा वेळ खटकतो. भर कामाच्या दिवशी दुपारी सहाही जण कॉफीच्या दुकानातल्या त्याच सोफ्यावर. मोनिका शेफ. हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्याची संध्याकाळ कधी मोकळी पाहिलीत? आमच्या चौघांत एका वेळी दोघं जागे सापडले तरी दिवाळी. आजी घर देऊ शकते, दुपार कुठून आणणार?

गिरगावचामालक
आजीवर सगळे हसताय, मालकाचं कुणी बोललं का? आमची चाळ आजोबांनी बांधली. 1947 चा मुंबई भाडे कायदा आला आणि भाडी गोठली ती 1 सप्टेंबर 1940 च्या आकड्यांवर. नव्या, 1999 च्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली. चिमूटभर रकमेचे 4 टक्के काढून बघा, पै-पैचा हिशोब करणारे आहात. भाडेकरू वारला की सोबत राहणारा घरातला माणूस भाडेकरू होतो. इथे आमच्याकडे अशा किती मोनिका आहेत! त्यांची गळती मी काढायची, आणि मुलगा परदेशातून विचारणार, "अण्णा, अजून रंग नाही लावला?"

तेव्हा ही मालिका खोटी नाही, उलट नको तेवढी खरी आहे. स्वस्तात मोठं घर भोगणारी माणसं असतात. फरक कुणीतरी सोसत असतो, तो पडद्यावर दिसत नाही इतकंच.

पैपैसा
@गिरगावचामालक, तुमचं दुःख समजतं, पण एक घर खरं म्हणून साही जणांचं आयुष्य खरं होत नाही. @तिसरीघंटा, कारकुनाच्या दिवाणखान्यात निदान शेवटच्या तारखांना उधारीचा विषय निघतो हो! यांच्याकडे महिनाअखेर उगवतच नाही.

मधलीसुट्टी
उगवते काका! दुसऱ्या सीझनमधला जेवणाचा भाग बघितला नाहीत? मोनिकाला बढती मिळते म्हणून सगळे झकपक हॉटेलात. रेचल साधं सॅलड घेते, फीबी वाटीभर काकडीचं सूप, जोई बारकासा पिझ्झा, तोही वरचा माल काढून स्वस्तात. रॉस, मोनिका, चँडलर पोटभर. मग रॉस बिल सहांत वाटतो, प्रत्येकी 28. लगेच कुणीतरी म्हणतं, मोनिकाची पार्टी, तिने कशाला द्यायचे? मग पाचांत, 33.50. तिथे फीबी साफ नाही म्हणते. ऑफिसच्या पार्टीत टीटीएमएम म्हणता म्हणता ज्याने नुसता लिंबूसोडा घेतला त्याच्या माथी बिर्याणी आलेली मी पाहिली आहे (मीच तो). तोच ओशाळलेपणा तिथे आहे.

आणि पैसे मोजूनही विनोद होतो. 1955 च्या 'हनिमूनर्स' मालिकेतला रॅल्फ बस ड्रायव्हर, आठवड्याला 62 डॉलर, ब्रुकलिनच्या घरात एक टेबल आणि बर्फाची पेटी. 'एव्हरीबडी हेट्स ख्रिस' मालिकेतला बाप तर सांडलेल्या दुधाची किंमत सेंटांत सांगतो. तो बाप मला सगळ्यात जवळचा वाटतो, आमच्याकडे फॅन चालू राहिला की असंच व्हायचं.

खडूस
मधलीसुट्टी, तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातं. त्याच भागाच्या शेवटी मोनिकाची नोकरी जाते, मटणवाल्याकडून पाच स्टेक आणि एक वांगं फुकट घेतलं म्हणून. पुढे काही भागांनी तिच्याकडे उरतात 127 डॉलर. त्याचं ती काय करते? शेअर घेते, का तर कंपनीचं शेअर बाजारातलं अक्षरनाम स्वतःच्या आद्याक्षरांशी जुळतं म्हणून. भाडं? चकार शब्द नाही. 127 डॉलर उरलेल्या बाईच्या घरात त्या आठवड्यातही सहा जण चरत असतात.

रॅल्फचं टेबल प्रत्येक भागात तेच असतं. इकडे गरिबी पाहुणी म्हणून येते, जेवते, जाते.

क्वीन्सकर
खडूस, १००% सहमत. आमच्याकडे फ्रिजवर कागद चिकटवलेला असायचा, दूध कुणी आणलं, अंडी कुणी संपवली. त्यावरून दोघं वर्षभर बोलत नव्हते. मोनिकाच्या फ्रिजवर असा कागद हवा होता, पहिलं पान एकट्या जोईचं.

मधलीसुट्टी
कागद असता तर दुसऱ्या सीझनलाच मालिका संपली असती. तुमचे ते दोघं आता बोलतात का?

क्वीन्सकर
एकाच्या मुलाच्या मुंजीत भेटले. अंड्यांचा विषय निघालाच.

गिरगावचामालक
न्यूयॉर्कातल्या भाच्याला विचारलं. तिथेही नातीला हक्क मिळतो म्हणे, पण आजी घर सोडण्याआधी दोन वर्षं तिच्यासोबत राहिल्याचं दाखवावं लागतं. मोनिकाकडे काही कागद आहे का? रेशनकार्डावर नाव वगैरे?