एमपीओ ट्रंक (एका कनेक्टरमध्ये अनेक फायबर असलेली केबल) टाकली, १०० जी (१०० गिगाबिट) लिंक वर येत नाही, तातडीने मदत हवी

ऐरोलीकर: महापेच्या डेटा सेंटरमध्ये काल नवी ट्रंक टाकली. लिंक येतच नाहीये. ऑप्टिक्स (स्विचमधले प्रकाश पाठवणारे-घेणारे मॉड्यूल) बदलले, पोर्ट बदलले. सकाळी स्टोरेज हलवायचंय. लवकर सांगा.

नेटवर्क_नाना: ऑप्टिक एसआर४ (कमी अंतराचं) की एलआर४ (लांब अंतराचं)? फायबर ओएम३ की ओएम४? लांबी? आरएक्स पॉवर (येणारा प्रकाश)? काहीच लिहिलं नाहीत, सांगणार काय!

तांबडी_वायर: सरळ डॅक (तांब्याची तयार केबल) लावा. टोकं पुसायची कटकट नाही.

ऐरोलीकर: रॅक वेगळ्या रांगांत आहेत, डॅक कसली पोचते? एसआर४, ओएम४, साधारण ४० मीटर. चारही लेनवर (डेटाच्या चार वाटांवर) प्रकाशच नाही. टोकं मी साफ केलीत.

स्प्लायसिंगप्रेमी: म्हणून कनेक्टर लावून आलेली तयार असेंब्ली घेऊ नये. जागेवर स्प्लायस करा (फायबर वितळवून जोडा), हवी तेवढी लांबी मिळते.

मीनल_डीसी: आणि रात्रीतून एकेक फायबर कोण जोडणार? तयार ट्रंकची टोकं कारखान्यात पॉलिश होतात, लॉसचा (प्रकाश किती घटतो त्याचा) टेस्ट रिपोर्ट सोबत येतो. बारा फायबर एका बारीक केबलमध्ये, त्यामुळे रॅकमागे हवा खेळती राहते. लांबी तेवढी आधी नीट मोजायची.

सह्याद्री७: सिंगल मोडच (लांब पल्ल्याचं फायबर) टाका. ओएम४ वर एसआर४ १०० मीटरपलीकडे जात नाही.

नेटवर्क_नाना: ४० मीटरला काय करायचंय सिंगल मोड? ऐरोलीकर, चारही लेन एकदम अंधारात म्हणजे पोलॅरिटी (कुठलं फायबर पलीकडे कुठे जातं) बघा. एसआर४ बारापैकी आठच फायबर वापरतं, १ ते ४ पाठवायला, ९ ते १२ घ्यायला. टाइप ए मध्ये १ चं १ लाच जातं, म्हणजे ट्रान्समीटरसमोर ट्रान्समीटर. टाइप बी मध्ये १ चं १२ ला. ट्रंकवर काय छापलंय?

गावाकडचा_राजू: घरच्या फायबर राउटरवर लाल दिवा लागतोय, काय करू?

मीनल_डीसी: राजू, वेगळा धागा काढा.

ऐरोलीकर: टाइप ए! दोन्हीकडे पॅनल आहेत, पॅच कॉर्डही (पॅनल ते स्विच जोडणाऱ्या छोट्या केबल) टाइप ए. आता ट्रंक उपसायची का?

नेटवर्क_नाना: अजिबात नको. एकाच बाजूची पॅच कॉर्ड टाइप बी लावा. दोन्हीकडे बी लावलीत तर पुन्हा पहिल्यासारखंच. ऑप्टिकमध्ये पिना असतात, म्हणून त्या बाजूचं टोक बिनपिनांचं हवं.

ऐरोलीकर: चारही लेनवर प्रकाश आला! लिंक मात्र अजून खालीच.

मीनल_डीसी: एफईसी (डेटातल्या चुका दुरुस्त करणारी सोय) तपासा. १०० जी एसआर४ ला त्यातला आरएस-एफईसी हा प्रकार दोन्ही बाजूंना लागतो.

ऐरोलीकर: एका स्विचवर बंद होतं. चालू केलं, लिंक आली. नाना, मीनलताई, मनापासून आभार. आता एरर काउंटर बघत बसतो.

स्प्लायसिंगप्रेमी: स्प्लायस केलं असतं तर पोलॅरिटी आपल्या हातात राहिली असती.