मदत हवी आहे : १४ वर्षांच्या मुलीसाठी फोंड्याजवळ समुपदेशक

मुलगी नववीत. चतुर्थीपासून रात्री एक-दीडपर्यंत रील्स, सकाळी डोकं दुखतं म्हणून शाळा बुडवणं, आणि आरशासमोर 'मी काळी, जाडी' हे रोजचं. जेवण निम्म्यावर आलंय. स्वतःला इजा केलेली नाही. थेट विचारलं, नाही म्हणाली.

फोन काढून घेतला, तर दोन दिवस अबोला. कायमचा काढता येत नाही, शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवरच येतो (हे कोणाच्या डोक्यातून आलं देव जाणे). इन्स्टाग्रामवर १८ वर्षांखालच्यांना आपोआप 'टीन अकाउंट' (वयानुसार बंधनं असलेलं खातं) मिळतं, पण हिने जन्मसाल खोटं टाकलंय. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मी बोललो, धीर मिळाला. ती फोनवर बोलायला तयार नाही. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन, थायरॉईड ठीक.

बांबोळीच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की आजी रडायला लागते, तरी गरज पडली तर जाणारच. आम्ही दोघंही नोकरीला, त्यामुळे शनिवार किंवा संध्याकाळच जमते. मुलगी मराठी-कोंकणीतच मोकळी होते.

फोंडा-पणजी पट्ट्यात किशोरवयीन मुलांशी बोलणारी, शक्यतो बाई समुपदेशक कोणी स्वतः अनुभवलीय का? आणि बांबोळीला थेट ओपीडीत घेतात की आधी डॉक्टरांची चिठ्ठी लागते?